दोन अल्टरनेटरचा माणूस

माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बंद पडलेल्या अवजड गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवतात. घरात त्यांना सगळे दाजी म्हणतात. बायकोचे ऐकून मीही तसेच म्हणू लागलो. डेपोत मात्र त्यांचे नाव 'दोनदा' असे पडले आहे. गाठ मारली की ती दोनदा ओढून पाहायची, चाकाखाली लावलेल्या ठोकळ्याला दोनदा लाथ घालायची, गाडी बाहेर काढण्यापूर्वी बॉनेट दोनदा उघडायचे, अशी त्यांची रीत. आमच्या घरी आले तरी निघताना स्वयंपाकघरात डोकावून गॅसचे बटण बघतात. बायको म्हणते, "दाजी, मघाशीच बघितलंत ना?" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असते. "ते मघाशी."

दाजी भित्रे आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे लिहीत नाही, ते स्वतःच सांगतात. अंगाने दणकट, मनगट माझ्या दुप्पट, पण गच्चीच्या कठड्याला कोणी टेकून उभे राहिले की यांचा जीव वरखाली होतो. मी एका कारखान्याच्या हिशेब विभागात आयुष्य काढले. निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आहे. भीती म्हणजे काय ते मला लेखापरीक्षणाच्या आठवड्यापुरते ठाऊक होते. दाजींची भीती मला समजली ती एका दुपारी, आणि ती समजण्यासाठी आधी त्यांच्या ट्रकविषयी थोडे सांगणे भाग आहे.

एकदा त्यांच्या ट्रकचे बॉनेट उघडे होते, तेव्हा मला इंजिनाच्या बाजूला तांब्याच्या तारांची वेटोळी असलेले दोन एकसारखे डबे दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की हे अल्टरनेटर. इंजिन फिरले की रबरी पट्ट्याने हेही फिरतात आणि गाडीला लागणारी वीज तयार करतात. माझ्या मोटारीत एकच असतो. मी विचारले, "दोन कशाला? एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून?"

"तेही आहे," दाजी म्हणाले. "पण असं बघा, हिशेबनीस." मला ते याच नावाने हाक मारतात. "मालट्रकचं काम पळताना होतं. पळताना इंजिन जोरात फिरतं, अल्टरनेटर पोटभर वीज करतो. माझं काम गाडी उभी केल्यावर सुरू होतं. उभं इंजिन संथ फिरतं, म्हणजे आवक कमी. आणि नेमका तेव्हाच खर्च वाढतो. टपावरचे पिवळे फिरते दिवे, मागचे झोताचे दिवे, दोर ओढणाऱ्या विंचची बटणं, वायरलेस, ओढायच्या गाडीचे दिवेसुद्धा माझ्याच विजेवर. मग काय होणार?"

"शिलकीतून उचल," मी म्हणालो.

"बरोबर. शिलक म्हणजे बॅटरी. ती किती पुरणार?"

"आणि संपली की?"

"जुन्या इंजिनाला काही होत नव्हतं. एकदा सुरू झालं की विजेवाचून चालायचं. आताच्या इंजिनाला डोकं बसवलंय, आणि डोक्याला वीज लागते. वीज घसरली की ते डिझेल सोडणं बंद करतं. इंजिन बंद, विंच बंद, दिवे बंद. आणि तुम्ही वळणावर उभे."

शेवटचे वाक्य बोलताना त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यामागचे कारण मला नंतर ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितले. दाजी उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या उस्तादांकडे एका अल्टरनेटरचा जुना ट्रक होता. डोंगरातल्या रस्त्यावर, दाट धुक्यात ते एक मालट्रक काढत होते. दिवे हळूहळू मंदावत गेले. इंजिन चालूच असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. मागून आलेल्या गाडीला पुढे काही आहे हेच दिसले नाही. उस्ताद त्या वेळी दोन गाड्यांच्या मध्ये वाकून आकडा लावत होते. ताई एवढेच बोलल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

आता ती दुपार. आमच्या सासऱ्यांना दवाखान्यातून घरी सोडणार होते. दाजींची पाळी संपली की आम्ही दोघांनी मिळून त्यांना आणायचे, असे बहिणीबहिणींनी ठरवले होते. मी डेपोत पोहोचलो तेव्हा दाजी हात धूत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डोंगराच्या रस्त्यावर खाद्यतेलाचा टँकर कडेवरून कलला होता. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता, आणि फोन करणारा त्याचा जोडीदार नुसता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तो अजून बोलतोय हो, लवकर या." दुसरा ट्रक आधीच बाहेर गेलेला होता.

"चला, बसा," दाजी मला म्हणाले. "दवाखाना त्याच बाजूला आहे. सासऱ्यांना कळवा, जावई उशिरा येतील म्हणून. त्यांना तरी कुठे नवल वाटणार आहे?"

आम्ही चढलो. धुक्याचा ओलावा डेपोपर्यंत आला होता, समोरची काच आतून पांढरी झाली होती. फोन कानाला लावून वळणाची खूण विचारत असतानाच दाजींनी स्टिअरिंगला बांधलेली लाल चिंधी एका हाताने सोडली, तिने काच पुसली आणि ती दाराच्या कप्प्यात कोंबली. आम्ही निघालो. बॉनेट काही त्यांनी उघडले नाही. मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "सकाळी बघितलंय." ते मघाशी, असे म्हणायचे माझ्या ओठांवर आले होते, पण त्यांचा चेहरा पाहून मी गप्प बसलो.

डोंगर चढू लागलो तसे धुके दाट होत गेले. दुपार असूनही समोरचा रस्ता ट्रकच्या नाकापाशीच संपत होता. वळणावर पोहोचलो तेव्हा आधी टँकर दिसलाच नाही. कोणीतरी हात हलवताना दिसले. तो जोडीदार. पायात एकच चप्पल. त्याच्यामागे टँकरचा मागचा भाग रस्त्यावर होता आणि तोंड खाली दरीकडे झुकलेले होते. कडेची माती ओली होती, आणि तिच्यातून खडे सुटून खाली जात होते. खाली पडल्याचा आवाज मात्र येत नव्हता. मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटली.

दाजींनी ट्रक डोंगराच्या बाजूला आडवा लावला, चाकांखाली ठोकळे ठोकले, दोन्ही बाजूंना चमकणारे त्रिकोण ठेवले. मग विंचचा पोलादी दोर ओढत नेऊन टँकरच्या मागच्या चौकटीत अडकवला. सगळे दोनदा. दोर ताठ झाला तेव्हा टँकर एकदा कण्हल्यासारखा वाजला आणि थांबला.

"भाऊ," दाजींनी खाली आवाज दिला, "धरलंय तुम्हाला. हलू नका."

"हलतोय कुठे? पाय पुढच्या पत्र्यात आहे," खालून आवाज आला. "तुमचा दिवा दिसतोय मला. तेवढा चालू ठेवा."

ड्रायव्हरला पत्रा कापून काढावे लागणार होते आणि कापायची यंत्रे घेऊन बचावाचे पथक निघाले होते. ते येईपर्यंत आमचे काम एकच, टँकरला धरून ठेवणे. पण माती गप्प बसत नव्हती. मधूनमधून चाकाखालचा एखादा तुकडा खचे, दोर सैल पडे आणि दाजींना विंच फिरवून तेवढी ढील लगेच आत घ्यावी लागे. जोडीदार कडेला पालथा पडून चाकावर नजर ठेवून होता आणि "खचली" असे ओरडत होता. मला दाजींनी केबिनमध्ये बसवले.

"हा काटा बघा. विजेचा आहे. हिरव्या पट्ट्यात असला की गप्प बसायचं. पिवळ्यात आला तर सांगायचं."

"आणि लाल?"

"लालची वेळ येत नाही. दोन आहेत ना."

मी काट्याकडे पाहत बसलो. आयुष्यभर आकडे पाहिलेला माणूस मी, एका काट्याचे काय ते. तो हिरव्याच्या खालच्या टोकाला होता. मग पिवळ्यात आला. मला वाटले, माझा बसण्याचा कोन बदलला असेल. मी सरळ बसलो. तो पिवळ्यातच होता.

"दाजी, पिवळा."

ते आत डोकावले. त्यांनी इंजिनाचा वेग वाढवायचे बटण दाबले. इंजिन घुमले आणि त्याबरोबर पुढून एक किंचाळी आली, बारीक, सतत, कोणी काचेवर नख ओढल्यासारखी. जळक्या रबराचा वास आला. दाजींनी वेग पुन्हा कमी केला, खाली उतरून बॉनेट उघडले आणि ते तसेच उभे राहिले. मी काचेतून त्यांचा चेहरा पाहत होतो. त्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

परत आले तेव्हा आवाज अगदी हळू होता. "एकच आहे."

"म्हणजे?"

"दुसरा अल्टरनेटर जागेवर नाही. कोणीतरी काढलाय. त्याला वगळून आखूड पट्टा चढवलाय, तोही जुना. नुसतं गाडी हलवण्यापुरता ठीक आहे. या भाराखाली तो घसरतोय. वेग वाढवला तर तुटेल, नाही वाढवला तर बॅटरी बसेल."

"मग इंजिन बंद पडेल."

"मोठ्याने बोलू नका. तो ऐकतोय."

मग त्यांनी एकेक बटण बंद करायला सुरुवात केली. पंखा, वायपर, वायरलेस. काच लगेच पांढरी झाली. शेवटी त्यांचा हात टँकरवर झोत टाकणाऱ्या दिव्याच्या बटणावर थांबला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग तोही बंद झाला. आता फक्त टपावरचे पिवळे दिवे फिरत होते. ते बंद केले असते तर बॅटरी वाचली असती, पण मागून येणाऱ्याला आम्ही दिसलो नसतो.

"भाऊ," खालून आवाज आला, "दिवा का घालवला?"

"डोळ्यावर येत होता ना तुमच्या," दाजी म्हणाले.

"येऊ दे हो डोळ्यावर. काळोख आवडत नाही मला."

 दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो थंडगार होता. "हिशेबनीस, मला दुसरा अल्टरनेटर पाहिजे. या रस्त्यावरून येणाऱ्या कुठल्याही मोठ्या गाडीत तो आहे. माझ्याकडे जोडायच्या केबल आहेत. तुम्ही एक गाडी थांबवून आणा. मी विंच सोडू शकत नाही, तो चाकावरची नजर काढू शकत नाही. तुम्हीच उरलात."

त्यांनी मला चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातले. माझ्या पोटावर त्याच्या गुंड्या लागेनात. "डोंगराच्या अंगाने चला. रस्त्यात उतरू नका. जी गाडी थांबणार नाही ती तुमच्यासाठी वळणारही नाही."

मी चढाच्या दिशेने निघालो. काही पावलांतच मागे वळून पाहिले तर पिवळा दिवा नुसता एक डाग झाला होता, आणखी पुढे गेलो तर तोही नव्हता. एक हात ओल्या कातळाला लावून, दुसऱ्या हातात विजेरी. धुक्यात आवाजाला दिशा नसते, हे मला त्या दिवशी कळले. इंजिनाचा आवाज येतोय, पण वरून की खालून, सांगता येईना. मग एक मोटार एकदम समोर उगवली. मी विजेरी हलवली. ती न थांबता गेली, इतक्या जवळून की तिचा आरसा जाकिटाला घासला. मी कातळाला पाठ लावून उभा राहिलो.  खरे सांगायचे तर तिथेच बसून राहावे असे वाटले. बसलो असतो तर कोणी नावे ठेवली नसती, कारण कोणाला दिसलेच नसते. पण मागून, धुक्यातून, ती बारीक किंचाळी पुन्हा ऐकू आली. दाजींनी ढील घेण्यासाठी वेग वाढवला असणार. पट्टा अजून होता. मी पुढे चाललो.

नंतर एक जड आवाज आला, हळू, गिअर उतरवत येणारा. दोन मोठे दिवे दिसले. मी, ज्याला रस्त्यात उतरू नका असे बजावले होते तो मी, एक पाऊल रस्त्यात उतरलो. ब्रेक कचकचले. बस होती. खिडकीतून चालकबाईने डोके बाहेर काढले.

"काका, मरायचंय का?"

"नाही. तुमचा अल्टरनेटर पाहिजे."

बाईंनी माझ्याकडे एकवार नीट पाहिले. मी काय सांगतोय ते मला धड सांगता येत नव्हते. दोर, टँकर, माणूस, दिवे, सगळे एकात एक अडकत होते. पण बाई याच धंद्यातल्या होत्या. "कोणाचा ट्रक?" त्यांनी विचारले. "दोनदाचा?" मी हो म्हटले. "त्याच्या गाडीला दोन असतात ना?" एवढे बोलून त्यांनी मान आत घेतली आणि प्रवाशांना ओरडल्या, "सगळे उतरा. डोंगराच्या बाजूला उभे राहा. एकानेही रस्त्यात फोटो काढायचा नाही."

मी पुढे विजेरी दाखवत चालत होतो आणि बस माझ्या मागून माणसाच्या चालीने येत होती. पिवळा डाग दिसला. तो फिरत होता, पण इतका मंद झाला होता की मला आधी ती माझ्याच डोळ्यांची चूक वाटली. मला ताईंनी सांगितलेले आठवले. असेच मंदावत गेले होते. मी धावलो. या वयात, त्या उतारावर, मी धावलो.

"काटा लालला टेकलाय," दाजी म्हणाले. त्यांनी केबल आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या. बाईंनी बस नाकाला नाक लागेल इतकी जवळ आणली. चिमटे लावताना दाजींचा हात स्थिर होता, माझ्या हातातली विजेरी मात्र सगळीकडे प्रकाश पाडत होती. शेवटचा चिमटा बसला आणि त्याच क्षणी 'फट्' असा आवाज झाला. किंचाळी बंद पडली.

"काय झालं?" मी विचारले.

"पट्टा गेला."

आम्ही तिघेही इंजिनाकडे कान लावून उभे राहिलो. ते अडखळले. एकदा, पुन्हा एकदा. कडेवरून जोडीदार ओरडला, "खचली!" दाजी विंचकडे झेपावले. बाईंनी बसचे इंजिन घुमवले. आमचे इंजिन सावरले, दोर आत आला, टँकर थांबला. टपावरचे दिवे लख्ख झाले. दाजींनी पहिले काम केले ते झोताचा दिवा लावण्याचे.

"हां," खालून आवाज आला. "आता बरं वाटलं."

पथक आले, पत्रा कापला गेला, ड्रायव्हरला स्ट्रेचरवर वर आणले. पायाचे हाड मोडले होते. दाजींच्या जवळून नेताना त्याने त्यांची बाही धरली आणि म्हणाला, "डोळ्यावर येत नव्हता हो." दाजी म्हणाले, "माहितीये." त्यानंतर थोड्या वेळाने डेपोचा दुसरा ट्रक आला. त्यातून फिटर उतरला आणि सरळ आमच्या उघड्या बॉनेटपाशी गेला. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"दोनदा, मी काढला होता. या ट्रकचा बिघडला होता, सकाळपासून अडून बसला होता, म्हणून तुमचा याला बसवला. तुमची पाळी संपत आली होती, संध्याकाळपर्यंत नवा बसवणार होतो. पण मी चिंधी बांधली होती. स्टिअरिंगला. आपली रीत आहे."

मला तेव्हा कळले. त्यांच्या डेपोत कोणी गाडीतला एखादा भाग काढला, तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची, म्हणजे ही गाडी अपुरी आहे, कामावर न्यायची नाही.

"चिंधी नव्हती," दाजी म्हणाले.

"बांधली होती. आईशप्पथ."

मी दाजींकडे पाहिले. त्यांना आठवत नव्हते, खरोखरच आठवत नव्हते. मग त्यांची नजर समोरच्या काचेवर गेली. ते केबिनचे दार उघडून कप्प्यात हात घालून क्षणभर तसेच थांबले. फिटरला ते तिकडून दिसत नव्हते. हात रिकामा बाहेर आला असता तरी कोणाला कळले नसते, माझ्याखेरीज. हात बाहेर आला तो ओलसर लाल चिंधी घेऊन.

"मीच सोडली," ते म्हणाले. "काच पुसली हिने."

आणि मग ते ट्रकच्या पायरीवर बसले. चिंधीची त्यांनी घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. फिटर त्यांच्या शेजारी बसला. चालकबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.  मग बाई म्हणाल्या, "आता नाव बदला. एकदा म्हणा." दाजी हसले नाहीत, पण पाणी प्यायले.

सासऱ्यांना घरी आणायला आम्ही गेलो तेव्हा ते कपडे करून पलंगावर बसून होते. "जावई दोन आणि वेळेवर एकही नाही," एवढेच म्हणाले. दाजींनी त्यांना उचलून खाली नेले. खालच्या पायरीवर थांबले, आणि पुन्हा वर जाऊन खोलीत काही राहिले नाही ना ते बघून आले.

त्या डेपोत आता चिंधी बांधत नाहीत. गाडीतला भाग काढला की इंजिनाचा एखादा जुना रबरी पट्टा स्टिअरिंगवर अडकवतात. दाजींनीच ही रीत घातली. दुसऱ्या दिवशी पहिला पट्टा अडकवला तो त्या दुपारी तुटलेला. फिटरने विचारले, पट्टाच का? दाजी म्हणाले, "त्याने काच पुसता येत नाही."